जटेला फणी लावत नाहीत

माझ्या केसांचं काय करायचं हे मी चौदा वर्षांची होईपर्यंत सगळ्यांनी ठरवलं, मला मात्र कुणी विचारलं नाही. मायने ठरवलं, मावशीने ठरवलं, दादांनी तर भर सभेत ठरवलं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि आमच्या वस्तीत त्यांचा शब्द शेवटचा असायचा. घरात तर पहिलाही त्यांचाच.

माझे केस कुरळे. कुरळे म्हणजे कॅलेंडरवरच्या बाईच्या कपाळावर एक नाजूक बट असते तसे नव्हेत. मुळापासून वळलेले, दाट, कोरडे. एक केस ओढला तर हातभर लांब, सोडला तर बोटभर. वर्गातल्या मुली मला मेंढरू म्हणायच्या. माय म्हणायची, "आमच्या मायवर गेली." कौतुक नव्हतं ते.

घरात केसांचं हत्यार एकच, लाकडी फणी. बारीक दातांची, उवा-लिखा काढायची. दर रविवारी माय मला दोन गुडघ्यांत धरायची आणि कोरड्या केसांत मुळाशीच ती फणी घालायची. फणी दोन बोटं खाली येऊन अडकायची. माय हिसडा द्यायची. मी ओरडले की पाठीत धपाटा, आणि गप्प बसले की तीच म्हणायची, "बघ, एवढं काही दुखत न्हाई." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी रविवारी खायचे. मायला तरी काय बोल लावायचा? असले केस कसे हाताळायचे हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि गावात विचारायचं कुणाला? गावचा न्हावी पाटलांच्या म्हशी भादरायचा, पण आमच्या वस्तीच्या डोक्याला त्याची कात्री लागत नव्हती. म्हणून दादांनी स्वतः कात्री-वस्तरा आणला होता. रविवारी लिंबाखाली बसून ते वस्तीतल्या पुरुषांची, पोरांची कटिंग करायचे आणि वर दोन गोष्टी शिक्षणाच्या सांगायचे. बायकांच्या केसांशी मात्र न्हाव्याचा संबंध नव्हता, दादांचाही नव्हता. बायकांचे केस पदराखाली जायचे आणि तिथेच त्यांचं काय व्हायचं ते व्हायचं.

मायच्या आईच्या केसांची जट झाली होती. आमच्याकडे जट आली म्हणजे देवी आली. मग त्या केसांना फणी लावायची नाही, कात्री तर नाहीच. मंगळवारी-शुक्रवारी तेल-हळद लावायची. जट एखाद्या पोरीच्या डोक्यात निघाली तर तिचं लग्न होत नाही. गळ्यात कवड्यांची माळ पडते, हातात देवीची परडी येते आणि दारोदार जोगवा मागावा लागतो. तशा बाईला गावातले कोण कोण काय समजतात आणि कोणत्या वेळी दार वाजवतात, ते मला लिहायला लावू नका.

वस्तीने धर्म बदलला त्या वेळी आजीने आपली जट विळ्याने कापून ओढ्यात सोडली होती. पुढच्या वर्षी ती काविळीने गेली. काविळीने. पण मायला आणि मावशीला विचारलं तर काविळीचं नाव निघायचं नाही. दोघी एकमेकींकडे बघायच्या आणि विषय बदलायच्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, बाबासाहेबांची होती, दोन्हीला दोघी मनापासून हात जोडायच्या. भीती मात्र कणगीच्या मागे ठेवलेली होती.

बहात्तरच्या दुष्काळात मावशी आमच्याकडे राहायला आली. तिचं गाव मंठ्याकडे, नवरा आदल्या साली वारलेला. सोबत तिची मुलगी, माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी. सहा महिन्यांचा का होईना, मान म्हणून मी तिला आक्का म्हणायचे. आक्काचे केस माझ्यासारखेच, उलट जास्तच दाट. आम्ही दोघी शेजारी बसलो की लोक म्हणायचे, एकाच घाण्यातून काढल्या. मला ते ऐकून बरं वाटायचं. मेंढरू निदान एकटं नव्हतं.

दादांचा पगार एकाचा आणि खाणारी तोंडं नऊ. म्हणून माय, मावशी आणि आम्ही दोघी खडी फोडायच्या कामावर जायचो. बाया फोडायच्या, आम्ही घमेली वाहायचो. डोक्यावर फडक्याची चुंबळ, चुंबळीवर घमेलं, घमेल्यात खडी. वरून ऊन, आतून घाम, आणि सगळ्यावर दगडाचा पांढरा भुगा. पाणी प्यायला नव्हतं तर डोक्यावरून कुठून येणार? महिना-महिना डोकं धुतलं नाही. फणीही बंद पडली, कारण त्या भुग्यात ती जाईनाच. चुंबळ दिवसभर केसांवर घासायची. घोंगडीची लोकर ओली करून तुडवली की घट्ट होते, तसं आमच्या टाळूमागे झालं. दोघींच्याही, एकाच महिन्यात.

आधी मावशीला दिसलं. उवा बघायला तिने आक्काचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिचे हात थांबले. मग तिने मला जवळ बोलावलं, माझ्या केसांत बोटं घातली आणि कपाळाला हात लावून नमस्कार केला. मला वाटलं उवा फार झाल्या.

"आली," ती मायला म्हणाली. "दोघींच्याबी डोक्यात आली. मायनं कापली, त्याचं हे फळ हाय."

माय फणी घेऊन पुढे झाली होती. मावशीने तिचं मनगट धरलं. "जटेला फणी लावत न्हाईत. तुला ठावं न्हाई का?"

मायने फणी कोनाड्यात ठेवली. बस, एवढंच झालं. त्या दिवशी तो गुंता सुपारीएवढा होता. त्या दिवशी पळीभर तेल आणि दोन तास मिळाले असते तर गोष्ट संपली असती. पण मावशी आक्काच्या गोळ्याला गुपचूप हळद-तेल लावत राहिली, आणि हळद-तेलावर भुगा बसून तो आणखी घट्ट झाला. माय दादांना भिऊन हळद लावत नव्हती आणि आईच्या मरणाला भिऊन फणी लावत नव्हती. ती नुसती माझ्या डोक्याला फडकं बांधायची आणि म्हणायची, "दादांम्होरं काढू नको." उन्हाळा अर्धा सरेपर्यंत माझ्या डोक्यामागे दोन बोटं जाड, वीतभर लांब दोरखंड लोंबत होता.

दादांना कळायचं ते कळलंच. एका संध्याकाळी मी वाकून घागर उचलत होते आणि फडकं सुटलं. दादांनी जवळ येऊन त्या जटेला हात लावला. मला वाटलं आता मारतील. ते मायकडे बघून एवढंच म्हणाले, "माझ्या घरात?" माय भिंतीला टेकून उभी. मग त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "जयंती चार दिवसांवर आहे. तोवर राहू दे तशीच."

हे वाक्य मी पुष्कळ वर्षं विसरायचा प्रयत्न केला. कात्री घरात होती. वस्तरा घरात होता. त्यांनी चार दिवस ती माझ्या डोक्यावर राहू दिली, कारण सभेला दाखवायला काहीतरी पाहिजे होतं.

जयंतीच्या सकाळी वस्तीसमोर मांडव होता. टेबलावर निळं कापड, हार घातलेली तसबीर, कर्णा. पंचशील झालं, दोन भाषणं झाली, मग दादांनी मला वर बोलावलं. खुर्चीवर लोकांकडे पाठ करून बसवलं, फडकं काढलं आणि जट हातात उचलून धरली.

"बघा," ते म्हणाले. "ही देवी नाही. हा मळ आहे. हा घाम आहे आणि आपलं अज्ञान आहे. माझ्याच घरात निघालं, म्हणून मी माझ्याच घरापासून सुरुवात करतो."

कात्री त्या दोरखंडातून जाईना. दादा करवतीसारखी चालवत होते आणि माझी मान मागे ओढली जात होती. शेवटी तुटली. टाळ्या पडल्या. मागे एवढा मोठा रिकामा डाग राहिला की बाकीचे केस वेड्यासारखे दिसायला लागले, म्हणून त्यांनी तिथेच वस्तरा काढून सगळं डोकं सफाचट केलं. मी अकरा वर्षांची होते. समोरच्या भिंतीवर एक पाल होती, मी सगळा वेळ तिच्याकडे बघत होते. खाली उतरले तेव्हा माय रडत होती आणि लोक तिला सांगत होते की असा नवरा मिळायला नशीब लागतं.

दादांचं बरोबर होतं, आणि हेच मला आजतागायत पचत नाही. चूक असते तर मी सरळ त्यांचा द्वेष केला असता. पण त्यांनी मला जोगव्यातून सोडवलं आणि त्याच हाताने चारशे लोकांपुढे मला मळ म्हटलं. शाळेत पुढे वर्षभर माझं नाव मळकी होतं. देवीवाल्यांना माझं डोकं देवीसाठी पाहिजे होतं आणि दादांना भाषणासाठी. डोक्याखाली एक पोरगी आहे हे दोन्हीकडे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मावशी आणि आक्का पहिल्या रांगेत होत्या. आक्काने डोक्याला टॉवेल गुंडाळला होता आणि मावशीने तिचं मनगट घट्ट धरलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मावशी बोचकं बांधून तिला घेऊन गेली. आपल्या पोरीच्या डोक्यालाही आता दाजी हात घालतील आणि पोरगी मरेल, ही धास्ती तिने घेतली. मृगात निरोप आला की आक्काच्या गळ्यात माळ घातली. दादा तावातावाने गेले, दोन दिवसांनी तोंड पाडून आले. मावशीने त्यांना दारातच म्हटलं होतं, "तुमच्या लेकीचं तुम्ही केलं, माझ्या लेकीचं मी करीन."

आठवीला मी जालन्याच्या वसतिगृहात आले. केस पुन्हा वाढले होते, आधीपेक्षा हट्टी. मी ते रिबिनीने करकचून बांधायचे आणि कुणाला हात लावू द्यायचे नाही.

वसतिगृहात भांडी घासायला आणि पाणी भरायला एक बाई यायच्या. सगळ्या मुली त्यांना खाला म्हणायच्या. हैदराबादच्या, लग्न होऊन जालन्यात आलेल्या. नवरा रेल्वेच्या मालधक्क्यावर. त्यांचे आजोबा निजामाच्या घोडदळात होते आणि त्यांचे वाडवडील समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून आणलेले. लोक त्यांना मागून हबशीण म्हणायचे, खालांना ते माहीत होतं. एकदा त्यांच्या डोक्यावरची ओढणी सरकली आणि मी बघतच राहिले. माझ्याहून दाट, माझ्याहून घट्ट वळलेले केस, बारीक बारीक वेण्यांत बसवलेले, तेलाने चमकणारे. त्या केसांना कुणी रागावलेलं दिसत नव्हतं. असलं डोकं असं दिसू शकतं हे मला तोवर माहीतच नव्हतं.

त्या पावसाळ्यात मला ताप आला. पंधरा दिवस अंथरुणात. उठले तेव्हा मानेवर हात गेला. मानेवरचे केस एकमेकांत घट्ट बसले होते. पुन्हा आली. मी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि दोन दिवस तो काढला नाही. तिसऱ्या दिवशी हौदापाशी खालांनी तो सरळ ओढून काढला.

"ये?" त्या म्हणाल्या. "ये गुत्थी है. कैकू रोती?"

मी म्हटलं, कापावं लागेल.

"कापना नक्को. तीन दिन का काम है. दोपहर कू आ."

मी गेले. त्यांनी मूठभर जवस पाण्यात उकळायला ठेवलं होतं. आमच्याकडे जवसाची चटणी होते आणि तेल निघतं, त्याचं आणखी काही होतं हे मला ठाऊक नव्हतं. पाणी बुळबुळीत, तारदार झालं की खाला ते गरम असतानाच फडक्यातून गाळायच्या. थंड झालं की फडक्यातून उतरत नाही. ते पाणी कोमट करून त्यांनी माझ्या मानेवर चोळलं, वर थोडं खोबरेल. मग कंगवा नाही, फणी नाही, नुसती बोटं. आणि मुळाकडून नाही, टोकाकडून. एका वेळी चार केस बाजूला काढायचे, ते सुटले की पुढचे चार.

"सूखे बालाँ कू हात नक्को लगाना," त्या सांगायच्या. "और जल्दी तो बिलकुल नक्को. हमारे घराँ में बच्ची के बालाँ कू जुमेरात की पूरी दोपहर देते."

केसांसाठी गुरुवारची अख्खी दुपार. आमच्या घरात आजाऱ्यालाही अख्खी दुपार मिळत नव्हती.

बोटांनी मोकळं झालं की त्या आपला कंगवा घ्यायच्या. नवऱ्याने त्याचा एक सोडून एक दात काढून टाकला होता. तो माझ्या केसांतून टोकापर्यंत आला आणि मी ओरडले नाही. तिसऱ्या दिवशी मान मोकळी झाली. खालांनी माझ्या चार वेण्या घातल्या, उरलेलं जवसाचं पाणी वरून हातानेच फिरवलं आणि कसं करायचं ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

खरं तर मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला राग आला. इतका की मी दोन दिवस खालांशीही बोलले नाही. म्हणजे हे सुटत होतं. देवी लागत नव्हती, कात्री लागत नव्हती, भाषण तर अजिबात लागत नव्हतं. मूठभर जवस आणि तीन दुपारा. जवस आमच्या शेजारच्या रानात होतं, जवळच्या कुंभार पिंपळगावच्या बाजारात पोत्याने होतं. दादांना एवढं वाचता येत होतं, पण पोरीचा गुंता हाताने सोडवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी न जाता मंठ्याच्या गाडीत बसले. पिशवीत शेरभर जवस आणि एक सोडून एक दात काढलेला कंगवा होता. मंठ्याहून मावशीचं गाव दोन तास पायी. वाटेत मी हिशोब करत होते की आक्काची जट तीन वर्षांची, म्हणजे तीन दुपारा पुरणार नाहीत, पंधरा दिवस लागतील. सुट्टी बरोबर तेवढीच होती.

आक्का ओट्यावर बसली होती. माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी, पण तिशीच्या बाईसारखी दिसत होती. जट कमरेपर्यंत, तीन ठिकाणी जाडजूड. गळ्यात कवड्या. मावशी रानात गेली होती. मी चुलीवर जवस ठेवलं आणि तिला सगळं सांगितलं. खालांचं, बोटांचं, टोकाकडून सोडवायचं. तिने मन लावून ऐकलं. गाळलेल्या पाण्यात बोट बुडवून तार काढून बघितली, आणि हसली.

"आता सोडवून काय करू गं?" ती म्हणाली. "ह्याच्यावरच खाऊन राह्यले मी. मायबी ह्याच्यावरच खाती. जट सुटली तर जोगवा कोण घालंल? आन लग्नाला कोण इल? मागं काय काय झालं ते गावाला समदं ठावं हाय."

मी म्हटलं, मी तुला जालन्याला नेते. तिथे कुणी ओळखत नाही. मी चौदा वर्षांची होते आणि वसतिगृहाच्या वाढलेल्या ताटावर जगत होते, पण म्हटलं.

तिने गळ्यातल्या कवड्या हातात घेतल्या. मग म्हणाली, "तुझी कापली तवा मी खालीच बसल्ते. दादांच्या हातात वस्तरा बघितला आन मला वाटलं, आता माझी बारी. मी मायच्या हातातून हात सोडवून राह्यल्ते. म्हनलं, हाक मारली की पळत जायाचं. तू डोकं झाकून खाली उतरली, तरी मी वाटच बघून राह्यल्ते." कवड्या सोडून म्हणाली, "त्यांनी हाकच मारली न्हाई."

इथवर लिहिताना एक गोष्ट मी टाळली. जयंतीच्या सकाळी, मांडवात जायच्या आधी, दादांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "आक्काच्या डोक्यातही आहे का गं? खरं सांग. असली तर तिचीही काढून टाकू." मी म्हटलं होतं, "न्हाई दादा. तिचे केस चांगले हायेत." मला वाटलं, माझं व्हायचं ते होऊ दे, तिची तरी फजिती वाचवू. मळकी म्हणून हाका ऐकताना तीन वर्षं मला तेवढंच एक समाधान होतं, की आक्काला मी वाचवलं.

हे मी तिला सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

"पुढचे मोकळे हायेत तेवढे विंचर," आक्का म्हणाली. कपाळावरचे चार बोटं केस जटेत गेलेले नव्हते. मी त्यांना जवसाचं पाणी लावलं, बोटांनी सोडवले, टोकाकडून वर कंगवा नेला. तिने डोळे मिटून घेतले होते. झाल्यावर हात फिरवून म्हणाली, लई बरं वाटलं. मग तिने उठून पदर सारखा केला, आणि शुक्रवार होता म्हणून परडी घेऊन मागायला निघून गेली.